थोडा मावा राहू द्या

बाटलीत एकच किडा होता. शर्वरीने तो स्वतः रंगाच्या बारीक ब्रशने उचलून आत सोडला होता. सोबत शेवंतीचे एक कोवळे पान ठेवले होते आणि बाटलीच्या तोंडाला मलमलीचा तुकडा दोऱ्याने घट्ट बांधला होता. ही कालची गोष्ट. आज सकाळी बाटलीत पाच किडे होते. एक मोठा आणि चार अगदी लहान, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक.

मलमलीतून काही आत जाणे शक्य नव्हते. पानावर आधीच अंडी असतील म्हणावे, तर पान तिने दोन्ही बाजूंनी भिंगाखाली पाहिले होते. त्या एकट्या किड्याला जोडीदारही नव्हता. मग हे चौघे आले कुठून?

असा प्रश्न घेऊन संध्याकाळपर्यंत थांबणे ही शर्वरीला शिक्षाच वाटे. कारण उत्तर ठाऊक असलेला माणूस काचेच्या पलीकडे होता आणि ऊन उतरल्याशिवाय येत नसे.

शर्वरी राहत होती त्या जागेला सगळे बंदघर म्हणत. लोणारच्या विवरापासून (उल्का आदळून जमिनीत पडलेल्या प्रचंड खड्ड्यापासून) थोड्या अंतरावर, काळ्या खडकावर काचेचा एक मोठा घुमट उभा होता आणि त्यात बारा माणसे राहत होती. पुढे कधी मंगळावर वस्ती करायची तर हवा, पाणी आणि अन्न हे सगळे बंद जागेतच तयार करता यायला हवे. ते जमते का, हे पाहण्यासाठी ही माणसे वर्षभर आत राहणार होती. तोवर दार उघडायचे नाही. फारच निकडीची वस्तू दुहेरी झडपेतून आत येई. त्या झडपेचे बाहेरचे झाकण पक्के बसल्याखेरीज आतले उघडत नसे. शर्वरीची आई भाजीचे वाफे सांभाळत होती, म्हणून अकरा वर्षांची शर्वरीही आत होती.

बंदघरात एक पद्धत होती. प्रत्येकाला हातभर माती स्वतःची मिळे. तिच्यात काय लावले हे कुणी विचारत नसे. बहुतेकांनी लसूण, पुदिना असे चवीचे काहीतरी लावले होते. शर्वरीने मात्र चार जणांच्या मागे लागून त्यांची माती मागून घेतली, आपल्या मातीला जोडली आणि एकेरी पाकळ्यांच्या शेवंतीचा वाफा केला. अख्ख्या घुमटात खाण्यासाठी नसलेले असे तेवढेच एक उगवत होते. सकाळी चहाचा पेला घेऊन माणसे आपसूक तिथे येऊन उभी राहत.

आता कळ्या धरल्या होत्या आणि नेमके तेव्हाच शेंड्यांवर हे किडे दिसू लागले होते. पाने आक्रसत होती. हात लावला तर बोटांना चिकट लागत होते.

संध्याकाळी आबा आले. आबा म्हणजे आईचे वडील. ते कीटकशास्त्रज्ञ (किड्यांचा अभ्यास करणारे) होते, निवृत्त होऊन मेहकरला राहत होते. रोज ते विजेच्या स्कूटरवरून येत, घडीची खुर्ची काचेला लावून बसत आणि भिंतीतल्या फोनवरून शर्वरीशी बोलत. शर्वरीने बाटली काचेला टेकवली. आबा पलीकडून भिंग लावून बराच वेळ पाहत राहिले.

"सांगा ना, आबा."

"आधी पाय हलवायचा थांब. काच थरथरतेय, मला नीट दिसत नाही."

शर्वरीने पाय दाबून धरला.

"हे चौघे म्हणजे हिची पोरं," आबा म्हणाले. "पोरं म्हणजे पोरीच. आणि यांना बाप नाही."

मग त्यांनी समजावून सांगितले. या किड्याला मावा म्हणतात. सुईसारखी सोंड कोवळ्या शेंड्यात खुपसून तो झाडाचा रस ओढतो. रसात साखर भरपूर असते, तेवढी त्याला पचत नाही, म्हणून उरलेली गोड पाण्याच्या थेंबांनी तो मागे टाकून देतो. पानांचा चिकटपणा त्याचाच. उबदार हवा आणि भरपूर रस असेल तेव्हा माव्यात नर नसतातच. माद्या एकट्याच पिल्ले देतात. याला अनिषेकजनन (नराशिवाय पिल्लू जन्माला येणे) म्हणतात. त्या अंडीही घालत नाहीत, थेट जिवंत पिल्लू जन्माला येते.

"आणि गंमत पुढेच आहे," आबा म्हणाले. "भातुकलीत एकात एक बसणारे डबे असतात ना, तसं. आईच्या पोटात लेक वाढत असते तेव्हाच त्या लेकीच्या पोटात नात वाढायला लागलेली असते. म्हणून आज जन्मलेली पोर आठवड्याभरात आई होते. एकीला पन्नास पोरी धर. कर हिशेब."

शर्वरीने मनातल्या मनात केला. एकीच्या पन्नास. त्या पन्नासांच्या अडीच हजार. त्यांच्या सव्वा लाख. चौथ्या पिढीपाशी ती थांबली आणि वाफ्याकडे वळून पाहू लागली.

"पण मग बाहेर सगळीकडे मावाच का नाही?" तिने विचारले. "तुमच्याकडे जमीन दिसायलाच नको होती."

आबा खुर्चीची घडी घालत म्हणाले, "याचं उत्तर उद्या तू मला द्यायचं." आणि निघून गेले. हे त्यांचे नेहमीचेच होते.

उत्तर शर्वरीला दुसऱ्या दिवशी दुपारी, मिरच्यांना पाणी घालताना सुचले. बाहेर माव्याला खाणारे असतात. पक्षी, कोळी, किडे. बंदघरात येताना झाडे, माती, बिया सगळे धुऊन-निवडून आणले होते. शेवंतीच्या एखाद्या कलमाच्या मिटलेल्या शेंड्यात बसून एक मावा तेवढा सुटला. त्याला खाणारे मात्र सगळे दाराबाहेर राहिले. हे सांगताच आबांनी नुसती मान डोलावली. शाबासकी द्यायची त्यांची तीच रीत होती.

कारण कळले म्हणून मावा काही थांबला नाही. विषारी औषध फवारणे शक्य नव्हते. घुमटात तीच हवा फिरून फिरून श्वासाला येत होती आणि पानांवरचे पाणीच गाळून पुन्हा पिण्यात येत होते. साबणाचे पातळ पाणी तेवढे चालण्यासारखे होते. साबणाने माव्याच्या अंगावरचे मेणासारखे आवरण निघते आणि तो वाळून मरतो. फवारणीचे काम भाऊसाहेबाकडे दिले. भाऊसाहेब हा बागकामाचा यंत्रमानव होता. त्याची भाषा सरकारी कचेरीतली, म्हणून कुणीतरी त्याला हे नाव दिले आणि ते चिकटले. त्याने इमानाने फवारले. ज्याला साबण लागला तो मावा मेला. जो मिटलेल्या पानाच्या आत होता तो वाचला, आणि आठवड्याभरात वाफा पुन्हा होता तसा झाला.

शर्वरीचे कशात लक्ष लागेना. ती दर तासाला वाफ्याशी जाऊन पाने उलटून पाही. आई म्हणाली, अशी बघत राहिलीस तर मावा लाजेल, पण कमी व्हायचा नाही. पण एका सकाळी आईचाच चेहरा उतरला. मिरचीच्या एका पानावर पंख असलेला मावा बसला होता.

आबांनी त्याचाही उलगडा केला. शेंड्यावर गर्दी झाली, रस पुरेना, की माव्याच्या माद्या पंख असलेल्या पोरींना जन्म देतात. त्या उडून दुसरे झाड गाठतात. या जातीच्या माव्याला मिरची चालते, काकडी चालते, भेंडीही चालते. म्हणजे बारा माणसांचे जेवण.

बंदघराच्या प्रमुख सावजी मॅडम. त्यांचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे त्यांच्याशी भांडताही येत नसे. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले आणि शेवंतीचा वाफा उपटून भट्टीत घालावा, असे सांगितले. भाजी गेली तर दार उघडावे लागेल आणि वर्षाचे काम वाया जाईल. शर्वरीने आबांचे नाव पुढे केले. आबा माव्याला खाणाऱ्या ढालकिड्यांची अंडी झडपेतून पाठवू शकतील, असे तिने सांगितले. एका किड्यावर उपाय म्हणून दुसरा किडा, हे मॅडमना मुळीच पटले नाही. पण त्यांनी आबांशी फोनवर पुष्कळ वेळ बोलून घेतले आणि शेवटी दोन रविवारांची मुदत दिली. दुसऱ्या रविवारी मिरचीवर मावा दिसला, तर वाफा जाणार.

अंडी कागदाच्या पट्ट्यांवर चिकटलेली होती. पिवळीधमक, उभी, एकमेकींना खेटून. शर्वरीने पट्ट्या सर्वांत वाईट शेंड्यांवर अडकवल्या आणि आबांना विचारले, ढालकिडा दिसतो कसा? आबा म्हणाले, अर्ध्या वाटाण्यासारखा, लाल पाठीचा, पाठीवर काळे ठिपके. भाऊसाहेबाच्या स्मृतीतही हेच चित्र होते, 'मित्र' या सदराखाली.

मग सुरू झाले वाट पाहणे. अंड्यांची टरफले पांढरी पडली. लाल काही दिसेना. शर्वरी रोज विचारी आणि आबा रोज म्हणत, दम धर. पहिला रविवार गेला. मावा वाढतच होता. आणि मग एका सकाळी शर्वरीला मावा सर्वांत दाट होता त्याच शेंड्यांवर वेगळेच काहीतरी दिसले. काळपट, लांबट, सहा पायांचे, अंगावर काटे आणि नारिंगी डाग. असे कितीतरी. मावा काय कमी होता म्हणून आता ही दुसरी कीड!

"भाऊसाहेब, हे काय आहे?"

"सदर प्राणी नोंदीत आढळत नाही," भाऊसाहेब म्हणाला. "काढून टाकण्यात यावा काय?"

"हो. सगळेच्या सगळे. आत्ताच."

भाऊसाहेबाने आपली बारीक नळी काढली आणि एकेक शेंडा फिरत ते प्राणी ओढून पोटातल्या डब्यात घेतले. दुपारपर्यंत वाफा स्वच्छ झाला. म्हणजे, मावा सोडून स्वच्छ झाला.

संध्याकाळी शर्वरीने हे आबांना जरा ऐटीतच सांगितले. निदान एक गोष्ट तरी तिने थांबून न राहता केली होती. आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"शरू," ते म्हणाले, "ते ढालकिडेच होते. त्यांची पिल्लं."

शर्वरीला आधी कळलेच नाही. आबा सांगत होते की अंड्यातून थेट लाल किडा निघत नाही. आधी अळी निघते. अळी खाऊन खाऊन वाढते, मग कोष (अळीचे रूप बदलते तो स्थिर काळ) होतो आणि मग लाल पाठीचा किडा. सर्वांत जास्त मावा खाते ती अळी.

"चोरीच्या जागी पोलीस सापडले आणि आपण त्यांनाच धरून नेलं," आबा म्हणाले. "यात चूक माझीही आहे. चाळीस वर्षं अळ्याच बघत आलो, त्यामुळे अळी कशी दिसते हे कुणाला सांगावं लागतं, हेच विसरलो."

शर्वरीने फोन ठेवलाही नाही. तो वायरला लोंबकळत राहिला आणि ती भाऊसाहेबाला शोधत पळाली. तो भट्टीच्या वाटेवर होता. तिने त्याला थांबवले, डबा काढून घेतला आणि उघडला. सकाळी डब्यात खूप अळ्या गेल्या होत्या. आता मोजक्याच होत्या, पण चांगल्या फुगलेल्या. दिवसभर खायला दुसरे काही नव्हते, म्हणून त्यांनी एकमेकींना खाल्ले होते.

तिला रडू आले, पण रडायला हात मोकळे नव्हते. ब्रशने एकेक अळी उचलून तिने शेंड्यांवर परत ठेवली. आईने दिव्याची मान वाकवून धरली. शेवटची अळी ब्रशवरून उतरायलाच तयार नव्हती. उतरली तशी सरळ समोरच्या माव्याला भिडली आणि त्याला चघळू लागली. शर्वरी ते पाहत तशीच उकिडवी बसून राहिली.

नंतरचे दिवस सर्वांत कठीण गेले. अळ्या थोड्या आणि मावा अफाट. अळ्या अंगाने रोज वाढत होत्या, पण रविवार त्यांच्यापेक्षा वेगाने जवळ येत होता. आबांनी बाहेरून काचेवर पेनने एक रेघ काढली. आधी हळू, मग उंच चढणारी.

"हा मावा. आता अळ्यांची रेघ तू काढ, आतून."

शर्वरीने माव्याच्या रेघेबरोबरच चढणारी रेघ काढली. आबांनी नकारार्थी मान हलवली. खाणाऱ्यांची रेघ नेहमी मागून चढते. आधी अन्न वाढते, मग ते खाऊन खाणारे वाढतात. मधल्या दिवसांत आपण हरलोच असे वाटते आणि माणसे घाई करतात ती तिथेच. सगळ्यावर जोरात फवारा मारतात. त्यात मावा मरतो, खाणारेही मरतात. उरलेला एखादा मावा आठवड्यात पुन्हा पन्नास होतो, खाणाऱ्यांना मात्र परत यायला वेळ लागतो.

"म्हणजे घाई केली की माव्याचा फायदा," शर्वरी म्हणाली.

"आणि तुझ्यासारखीचा तोटा," आबा म्हणाले. "पुसून पुन्हा काढ."

तिने रेघ पुसली आणि मागून चढणारी काढली. काचेच्या दोन बाजूंच्या दोन रेघा एका जागी एकमेकींना छेदून गेल्या. त्या जागेवर तिने कितीतरी वेळ बोट ठेवले.

गुरुवारी भाऊसाहेबाने मिरचीवर एकही नवा मावा नसल्याचे कळवले. जे आधीचे होते, ते आईने पाने खुडून काढले होते. शुक्रवारी शेवंतीच्या दोन-चार शेंड्यांवर माव्याऐवजी त्यांच्या पांढऱ्या काती तेवढ्या उरल्या. अळ्या जाडजूड होऊन पानांच्या पाठी चिकटून बसल्या आणि त्यांचे कोष झाले. आणि एक फूल उमलले. शर्वरीने कुणालाही सांगितले नाही. रविवार व्हायचा होता.

रविवारी सावजी मॅडम भिंग घेऊन आल्या. आधी त्यांनी मिरचीचा प्रत्येक वाफा पाहिला. मावा नव्हता. मग त्या शेवंतीपाशी आल्या. तिथे मात्र होता. पूर्वीसारखा नाही, पण काही शेंड्यांवर, काही कळ्यांच्या देठांशी होताच.

वाफा राहू देऊ, मॅडम म्हणाल्या. शर्वरीच्या आईने सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात मॅडम भाऊसाहेबाकडे वळल्या आणि उरलेल्या माव्यावर आजच साबण मारून घ्यायला सांगितले, म्हणजे विषय संपेल.

"नको," शर्वरी म्हणाली.

तिचा आवाज तिला वाटले त्यापेक्षा मोठा निघाला. मॅडमनी भुवया उंचावल्या.

"मॅडम, थोडा मावा राहू द्या."

"गेला पंधरवडा तो जावा म्हणून तू जेवली नाहीस धड," मॅडम म्हणाल्या. "आणि आता राहू द्या?"

शर्वरीने काचेकडे पाहिले. पलीकडे आबा बसले होते, पण फोन त्यांच्या हातात नव्हता. ते पान खात होते आणि त्यांना मदत करायची असल्याचे दिसत नव्हते. मग तिने स्वतःच सांगायला सुरुवात केली. सगळा मावा आज संपवला तर या कोषांतून निघणारे ढालकिडे उपाशी मरतील. आणि आपण संपवला म्हणतो तेव्हा तो खरोखर संपत नाही; एखादा मिटलेल्या पानात राहतोच. मग त्या एकाला खायला कुणी नसेल. पुन्हा अडीच हजार, पुन्हा सव्वा लाख.

"पहारेकरी ठेवायचे तर त्यांना जेवायला द्यावं लागतं," ती म्हणाली. "मावा अगदी कमी असेल तेव्हा मोठे ढालकिडे फुलांचे परागही (फुलाच्या मध्यभागाची पिवळी धूळ) खातात. म्हणून शेवंतीही हवी. आणि आईची फुलावर आलेली कोथिंबीरसुद्धा."

ती कोथिंबीर आई उद्या उपटणार होती. आईने मान डोलावली, म्हणजे आता उपटणार नव्हती.

"म्हणजे कीड शून्य करायचीच नाही," मॅडम सावकाश म्हणाल्या.

"शून्य नाही. कमी ठेवायची. ती कमी ठेवणारं कुणीतरी इथे राहत असलं पाहिजे."

मॅडम बराच वेळ एका शेंड्याकडे भिंगातून पाहत राहिल्या. मग त्यांनी भाऊसाहेबाला साबण आत ठेवायला सांगितले आणि ढालकिड्याची अंडी, अळी, कोष आणि किडा अशी चारही चित्रे 'मित्र' या सदरात घालायला लावली. मिरचीवर मावा दिसला तर मात्र माझे हात बांधलेले असतील, हे त्यांनी बजावले. जाता जाता थांबून त्यांनी विचारले, "उद्या खरंच मंगळावर फुलं न्यायची झाली, तर सोबत कोण कोण न्यावं लागेल, हे मला सांगशील? आमच्या सामानात नुसत्या बिया आहेत."

मॅडम गेल्यावर शर्वरीने फोन उचलला. मंगळावर शेवंती न्यायची तर ढालकिडे न्यावे लागतील, ती घाईघाईने सांगू लागली. ढालकिडे न्यायचे तर थोडा मावाही न्यावा लागेल. मग मध्येच ती थांबली. तिचा पाय पुन्हा हलू लागला होता.

"आबा, ढालकिडेच फार झाले तर?"

"बाहेर त्यांच्यावरही जगणारे आहेत. गांधीलमाशीच्या जातीतल्या, पण अगदी चिमुकल्या."

"आणि त्या फार झाल्या तर?"

पलीकडे ऊन उतरले होते. विवराच्या कडेवरची झाडे वाऱ्याने हलत होती आणि त्या झाडांत कितीतरी किडे एकमेकांना खात, एकमेकांना कमी ठेवत जगत होते. शर्वरीने त्या सगळ्यांकडे प्रथमच नीट पाहिले. एक फूल न्यायचे तर केवढी वरात न्यावी लागणार होती. कोण आधी चढेल, कोण मागून, कुणाला किती जागा लागेल, हे काहीच अजून कुणी ठरवलेले नव्हते.

"आबा, आज लवकर जाऊ नका," ती म्हणाली आणि काचेला नाक लावून बसली.